कलोपचार : सेवार्थीचे हक्क आणि व्यवसायाची मानके

कलोपचाराची व्याख्या

रेखाटन, रंगकाम, मातीकाम, कोलाज अशा दृश्य माध्यमांतून व्यक्त होण्याची प्रक्रिया आणि प्रशिक्षित उपचारकाशी जुळलेले नाते, या दोहोंच्या आधारे मनःस्वास्थ्य सुधारण्याची पद्धत म्हणजे कलोपचार. 'आर्ट थेरपी' ही संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये वापरात आणली. क्षयरोगासाठी आरोग्यधामात राहत असताना चित्रे काढल्याने आलेला अनुभव त्यांनी सहरुग्णांपर्यंत पोहोचवला होता. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग आणि ईडिथ क्रेमर यांनी या विषयाला दोन दिशा दिल्या. नॉमबर्ग यांच्या मते चित्र ही मनाची प्रतीकात्मक भाषा असून तिच्या साहाय्याने मानसोपचार पुढे जातो. क्रेमर यांच्या मते चित्र घडवण्याच्या क्रियेतच उपचार आहे. हा केवळ पांडित्याचा वाद नाही. पहिल्या दृष्टीने चित्र हा उपचाराचा दस्तऐवज ठरतो आणि दुसऱ्या दृष्टीने सेवार्थीची निर्मिती. चित्र कोणी ठेवायचे, कोणाला दाखवायचे, केव्हा नष्ट करायचे, हे पुढचे सारे प्रश्न या दुहेरी स्वरूपातून निघतात.

शेजारची क्षेत्रे

मुंबईच्या बोरिवली किंवा मुलुंडसारख्या उपनगरांत जवळपास प्रत्येक वसाहतीत चित्रकलेचा क्लास असतो आणि तेथील मुले शासकीय रेखाकला परीक्षांची, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची, तयारी करतात. तेथे रेषेची सफाई, छायाप्रकाश, रंगसंगती यांचे मूल्यमापन होते. कलोपचारात मूल्यमापन नसते; चित्र 'चांगले' व्हावे अशी अपेक्षाही नसते. ताणमुक्तीची एक दिवसाची रंगकार्यशाळा आनंद देऊ शकते, तथापि तिच्यात उद्दिष्ट, नोंद, आढावा आणि समाप्ती असा उपचारक्रम नसतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात डॉ. अनिल अवचट यांनी ओरिगामी, बासरी, चित्रे यांना रुग्णांच्या दिनक्रमात स्थान दिले. तेही उपचारपोषक वातावरण होते, औपचारिक अर्थाने कलोपचार नव्हे. या भेदात कमी-जास्त दर्जाचा प्रश्न नाही. जबाबदारी मात्र वेगळी असते. 'उपचार' हा शब्द लावताच उपचारकाची कर्तव्ये सुरू होतात, आणि उपनगरांतील अनेक जाहिराती नेमका हाच शब्द सैलपणे वापरतात.

मुंबईतील पूर्वोदाहरण

कलाकौशल्याचा उपयोग करणारा आरोग्यव्यवसाय मानकांपर्यंत कसा पोहोचतो, याचे उत्तम उदाहरण याच शहरात आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात आशियातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचे. १९५२ मध्ये व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. विणकाम, सुतारकाम, हस्तकला ही या शास्त्राची आरंभीची साधने होती. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा कायदा झाला तो २००२ चा. म्हणजे शाळा, संघटना आणि वैधानिक परिषद या क्रमाला पन्नास वर्षांहून अधिक काळ लागला. कलोपचार अजून या क्रमाच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर आहे. पुण्यातील वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग फाउंडेशनने 'आर्ट्स बेस्ड थेरपी'चे प्रशिक्षण उभे केले. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने कोलकाता संवेद या संस्थेसह नृत्य-हालचाल उपचाराची पदविका चालवली. दृश्यकलेवर आधारित उपचाराचे शिक्षण त्या मानाने विखुरलेले राहिले. काहींनी परदेशात पदव्युत्तर पदवी घेतली, तर काहींनी काही आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला. दोघांच्याही दारावरची पाटी सारखीच असते.

व्यवसायाचे कायदेशीर स्थान

ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. वैधानिक नोंदणीशिवाय ती लावणे गुन्हा ठरतो. तेथील व्यावसायिक संघटना १९६४ ची आणि अमेरिकेतील १९६९ ची. भारतात तीन कायद्यांचा विचार करावा लागतो. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ खाली चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ यांची नोंदणी होते; कलोपचारक हा स्वतंत्र वर्ग तेथे नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ, राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी झालेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका, मनोविकार समाजकार्यकर्ते आणि आयुष पद्धतींतील विशिष्ट पदव्युत्तर पदवीधारक येतात. कलोपचारकाचा उल्लेख याही ठिकाणी नाही.

तो येतो तिसऱ्या कायद्यात. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या अनुसूचीत 'हालचाल उपचारक' या नोंदीत कला, नृत्य-हालचाल आणि मनोरंजन उपचारक यांचा समावेश केला आहे. चित्रकलेवर आधारलेला उपचार हालचालीच्या शीर्षकाखाली का घातला, याचे तर्कशुद्ध उत्तर सापडणे कठीण. तरी नाव आले हे महत्त्वाचे. याच कायद्याने सहयोगी व्यावसायिकाच्या पात्रतेसाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण ठरवले आहे. ही मोजपट्टी लावली, तर शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रांचा प्रश्न आपोआप निकालात निघतो. अनुसूचीत नाव असणे आणि त्या व्यवसायाची नोंदवही प्रत्यक्ष चालू असणे या मात्र दोन भिन्न अवस्था आहेत. नोंदवहीत नाव तपासून उपचारक निवडण्याची सोय डॉक्टरांच्या बाबतीत आहे. कलोपचारकाच्या बाबतीत ती आज गृहीत धरता येत नाही.

हक्कांचा उगम

उपाधी असंरक्षित आहे म्हणून सेवार्थी हक्कहीन ठरत नाही. त्याचे हक्क एका ग्रंथात नसून अनेक कायद्यांत विखुरलेले आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात माहितीचा हक्क, गोपनीयता, अमानुष वागणुकीपासून संरक्षण, मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क, मोफत कायदेशीर साहाय्य आणि तक्रारीचा हक्क अशी सलग मांडणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यांच्या जोडीला स्वामित्वहक्क कायदा १९५७, बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा (पॉक्सो) २०१२, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ येतात. येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. २०१७ च्या अधिनियमातील 'मानसिक आरोग्य आस्थापना' म्हणजे जेथे रुग्णांना दाखल करून घेतले जाते किंवा ठेवले जाते असे ठिकाण. मुलुंडला लागून असलेले, १९०१ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय या व्याख्येत नि:संशय बसते. अंधेरीतील भाड्याच्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस चालणारा स्टुडिओ बसत नाही. शिवाय शोक, घटस्फोट, परीक्षेचा ताण यांसाठी येणाऱ्या बहुतेकांना कायद्याच्या अर्थाने मानसिक आजार नसतोच. अशा वेळी कायद्याचे शब्द थेट लागू होत नसले, तरी व्यावसायिक मानक म्हणून त्यांचाच आधार घ्यावा लागतो.

माहितीपूर्ण संमती

२०१७ च्या अधिनियमाने संमतीची व्याख्या काटेकोर केली आहे. बळजबरी, गैरप्रभाव, फसवणूक किंवा चुकीची माहिती यांविना, विशिष्ट उपचारासाठी, त्याचे धोके, लाभ व पर्याय सांगितल्यानंतर आणि व्यक्तीला समजेल अशा भाषेत व रीतीने मिळालेली संमती, हीच संमती. 'समजेल अशा भाषेत' ही अट या उपनगरांत विशेष कळीची आहे. घाटकोपर आणि मुलुंडमध्ये एकाच मजल्यावर मराठी, गुजराती आणि तमिळ घरे असतात. उपचारकाचे प्रशिक्षण आणि संमतीपत्र मात्र बहुधा इंग्रजीत असते, आणि आजी-आजोबांपैकी कोणी नातवंडाला घेऊन आले तर सही होते ती न वाचलेल्या कागदावर.

कलोपचाराच्या संमतीत काही गोष्टी वेगळ्याने सांगाव्या लागतात. चित्र काढताना दडपलेली आठवण अनपेक्षितपणे वर येऊ शकते आणि पहिल्या काही सत्रांनंतर अस्वस्थता वाढल्यासारखी वाटू शकते. हा धोका आधी सांगणे बंधनकारक मानले पाहिजे. चित्र काढायला नकार देणे, काढलेले फाडणे, त्याविषयी न बोलणे, हे सर्व सेवार्थीच्या अधिकारातले आहे. पर्याय म्हणून संवादाधारित समुपदेशन किंवा औषधोपचार उपलब्ध आहेत, हेही सांगितले गेले पाहिजे. संमती एकदा घेऊन संपत नाही. चित्राचे छायाचित्र काढणे, ते पर्यवेक्षकाला दाखवणे, प्रशिक्षणात वापरणे आणि प्रदर्शनात मांडणे यांतील प्रत्येक कृतीला स्वतंत्र संमती लागते. ती मागे घेण्याचा मार्गही त्याच पत्रात लिहिलेला असावा.

चित्राची मालकी

संपूर्ण विषयातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत रोचक प्रश्न हा आहे. स्वामित्वहक्क कायद्यातील 'कलाकृती'च्या व्याख्येत चित्र, शिल्प, रेखाटन यांचा समावेश होतो, मग त्यात कलात्मक गुणवत्ता असो वा नसो, असे कायदा स्पष्टपणे म्हणतो. त्यामुळे सत्रात काढलेली वेडीवाकडी रेघसुद्धा कलाकृती आहे आणि तिचा प्रथम स्वामी ती काढणारा सेवार्थी आहे. कागद, रंग आणि टेबल उपचारकाचे होते, यामुळे स्वामित्वहक्क बदलत नाही. तो हस्तांतरित करायचा तर लेखी व सहीचा दस्तऐवज लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. फीच्या पावतीखाली बारीक अक्षरांत छापलेले 'सर्व चित्रे संस्थेची मालमत्ता' हे वाक्य कायद्याला अभिप्रेत असलेले हस्तांतरण नव्हे.

याशिवाय कलम ५७ मधील नैतिक हक्क आहेत. कर्तेपण सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा विरूपणाला विरोध करण्याचा हक्क स्वामित्व विकल्यानंतरही कर्त्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या हक्काला बळ दिले. उपचारातील चित्राला हाच नियम लावला की एक अवघड पेच उभा राहतो. कर्ता म्हणून सेवार्थीला आपले नाव झळकवण्याचा हक्क आहे आणि रुग्ण म्हणून ते लपवण्याचाही. प्रदर्शनात नाव घालायचे की नाही हा निर्णय संस्थेने 'त्याच्या हितासाठी' परस्पर घेणे, दोन्ही बाजूंनी चूक आहे.

या सावधगिरीमागे इतिहास आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे मनोविकारतज्ज्ञ हान्स प्रिंझहॉर्न यांनी १९१९ ते १९२१ या काळात मनोरुग्णालयांतून सुमारे ५,००० कलाकृती गोळा केल्या. त्यांचे १९२२ चे पुस्तक कलाजगतात गाजले. काढणाऱ्यांची परवानगी हा त्या काळी प्रश्नच नव्हता. पुढे नाझी राजवटीने यांतील काही कलाकृती 'अध:पतित कला' या प्रदर्शनात आधुनिक चित्रकारांची टिंगल करण्यासाठी वापरल्या. उपचाराच्या खोलीतून बाहेर गेलेले चित्र कोणाच्या हाती कोणता अर्थ धारण करील, हे ते बाहेर नेणाऱ्याच्या हाती राहत नाही.

विक्रीचा मुद्दा याला जोडूनच येतो. दिवाळीपूर्वी अनेक संस्था पणत्या, शुभेच्छापत्रे आणि चित्रे विकतात. २०१७ च्या अधिनियमानुसार आस्थापनेत कोणालाही कामाची सक्ती करता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. 'हा तर उपचाराचाच भाग' असे म्हणून तो टाळणे समर्थनीय नाही.

गोपनीयता आणि जागा

बोललेला शब्द हवेत विरतो. चित्र मागे उरते, वाळायला ठेवावे लागते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. म्हणून कलोपचारातील गोपनीयता ही बरीचशी जागेच्या व्यवस्थेची बाब आहे. प्रत्येक सेवार्थीचे वेगळे पाकीट किंवा खण, कुलूपबंद कपाट आणि नावाऐवजी संकेतांक ही किमान व्यवस्था. उपनगरांतील वास्तव तिच्या विरोधात उभे असते. एकच खोली सकाळी योगवर्गाला, दुपारी शिकवणीला आणि संध्याकाळी सत्राला भाड्याने दिली जाते. पावसाळ्यात पोस्टर रंग दोन दिवस वाळत नाहीत आणि ओले कागद खिडकीशी पसरलेले राहतात. सोसायटीच्या फाटकावरील नोंदवहीत भेटीचे कारण लिहावे लागते, आणि तेथे 'थेरपी' असे लिहिले की ते संध्याकाळपर्यंत इमारतीला ठाऊक होते. सत्राची जागा निवडताना भाड्याइतकाच या नोंदवहीचा विचार होणे, हे व्यावसायिकतेचे लक्षण मानावे लागेल.

छायाचित्रांचा धोका याहून मोठा आहे. अधिनियमाच्या कलम २४ नुसार आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा अन्य माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना देता येत नाही, आणि हे बंधन डिजिटल स्वरूपातील माहितीलाही लागू आहे. स्टुडिओच्या जाहिरातीसाठी समाजमाध्यमांवर टाकलेल्या चित्रात नाव नसले तरी रेषेची लकब, कोपऱ्यातील सही किंवा चित्रातले घर शेजाऱ्याला ओळखता येते. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर 'आजचे सुंदर काम' म्हणून चित्रे पाठवण्याची प्रथा सद्‌भावनेतून आलेली असली तरी ती गोपनीयतेचा भंगच आहे.

गोपनीयतेचे अपवाद

गोपनीयता निरपेक्ष नसते आणि तिच्या मर्यादा पहिल्याच सत्रात सांगणे हा सेवार्थीचा हक्क आहे. अधिनियमातील कलम २३ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीला, उपचारात सहभागी अन्य व्यावसायिकांना, कोणाच्या जिवाला धोका असताना किंवा दुसऱ्याला इजा टाळण्यासाठी, आणि न्यायालय वा सक्षम प्राधिकरणाच्या आदेशावरून माहिती देता येते. तीही आवश्यक तेवढीच.

पॉक्सो कायद्याचे बंधन याहून कडक आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्ञान किंवा होण्याची भीती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार अनिवार्य आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्याला संरक्षणही आहे. येथे कलोपचारकाची खरी कसोटी लागते. मुलाने सांगितलेली घटना आणि मुलाच्या चित्रातून उपचारकाने लावलेला अर्थ यांत मोठे अंतर आहे. केवळ एका आकृतीवरून अत्याचार झाला असे ठरवणे अशास्त्रीय आहे. मुलाच्या बोलण्याकडे 'कल्पना' म्हणून दुर्लक्ष करणे बेकायदा आहे. अशा प्रसंगी मुलाला सूचक प्रश्न न विचारता त्याचे शब्द जसेच्या तसे नोंदवणे आणि चित्रावर दिनांक घालून ते सुरक्षित ठेवणे, एवढेच उपचारकाचे काम. तपास हे पोलिसांचे काम.

न्यायालयाचा मार्गही लक्षात घ्यावा लागतो. वकील आणि अशील यांच्यातील संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियमात विशेष संरक्षण आहे. उपचारक आणि सेवार्थी यांच्या संवादाला तसे नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयात मुलाच्या ताब्याचा वाद चालू असेल, तर दोहोंपैकी एक पालक उपचारकाच्या नोंदी मागू शकतो. म्हणून नोंदीत निरीक्षण आणि अनुमान वेगळे लिहिण्याची शिस्त आवश्यक ठरते. 'काळा रंग वापरला' हे निरीक्षण. 'वडिलांविषयी राग' हे अनुमान.

अल्पवयीन सेवार्थी

अठरा वर्षांखालील व्यक्तीची कायदेशीर संमती पालक देतात, परंतु मुलाचा होकार स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. दुखरा प्रश्न असतो तो पालकांना काय सांगायचे याचा. चांगली पद्धत अशी की प्रगतीचा सर्वसाधारण आढावा पालकांना मिळावा, चित्रे मात्र मुलाच्या परवानगीने आणि त्याच्या उपस्थितीतच दाखवली जावीत. फी देणाऱ्याला चित्र पाहण्याचा अधिकार आपोआप मिळतो, ही समजूत उपनगरी मध्यमवर्गात खोलवर रुजलेली आहे. ती पहिल्या भेटीतच दूर करणे हिताचे.

चित्रावरून निदान

चित्रे वापरणाऱ्या मानसशास्त्रीय चाचण्या अस्तित्वात आहेत. गुडइनफ यांची 'माणूस काढा' चाचणी १९२६ ची. तिचे भारतीय मुलांसाठीचे रूप प्रमिला फाटक यांनी बडोद्यात प्रमाणित केले. मुलाच्या बौद्धिक विकासाचा अंदाज घेणे हा त्या चाचणीचा हेतू. भावनिक आजाराचे निदान हा नव्हे. घर-झाड-माणूस यांसारख्या प्रक्षेपी चाचण्यांची विश्वसनीयता मानसशास्त्रातच वादग्रस्त आहे. त्यामुळे 'झाडाला मुळे नाहीत म्हणजे असुरक्षितता' अशा प्रकारचे सूत्रबद्ध वाचन मानकांत बसत नाही. त्यात सांस्कृतिक चूकही संभवते. राष्ट्रीय उद्यानातील किंवा आरेतील पाड्यांवरच्या वारली मुलाने त्रिकोणी धडाची, चेहरा नसलेली माणसे काढली, तर तो त्याच्या परंपरेचा आकार आहे. त्यात भावनाशून्यता शोधणाऱ्याचे अज्ञान तेवढे उघड होते. चित्राचा अर्थ प्रथम काढणाऱ्याला विचारायचा, हे कलोपचाराचे मूलभूत तत्त्व. निदान करणे हे मनोविकारतज्ज्ञाचे किंवा नोंदणीकृत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे काम आहे.

कार्यक्षेत्राची सीमा

तीव्र नैराश्य, भ्रम, आत्महत्येचे विचार, खाण्याचे गंभीर विकार अशा स्थितींत कलोपचार पूरक ठरू शकतो, पर्याय नव्हे. औषध बंद करण्याचा सल्ला देणारा कलोपचारक आपली सीमा ओलांडतो. सेवार्थीला योग्य ठिकाणी पाठवता यावे यासाठी मनोविकारतज्ज्ञाशी आधीच संपर्क प्रस्थापित केलेला असावा. पश्चिम उपनगरांत विलेपार्ल्याचे महापालिकेचे कूपर रुग्णालय आणि त्याला संलग्न वैद्यकीय महाविद्यालय आहे; पूर्वेकडे मुलुंडपलीकडे ठाण्याचे मनोरुग्णालय, तसेच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ. संकटसमयी 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे. संमतीपत्रावर तो छापलेला असणे, ही छोटी पण उपयुक्त प्रथा होय.

दुहेरी नाते

उपचारक हाच सेवार्थीचा शिक्षक, नातलग, शेजारी किंवा चित्रांचा खरेदीदार असू नये, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. एकाच शाळेत, एकाच देवळात, एकाच गणेशोत्सव मंडळात भेटणाऱ्या माणसांच्या वस्तीत तो तंतोतंत पाळणे कठीण. अशा ठिकाणी बाहेर भेट झाल्यास ओळख कोणी दाखवायची, हे आधी ठरवून ठेवतात. ओळख दाखवण्याचा पुढाकार सेवार्थीचा. लैंगिक वा आर्थिक संबंधांना मात्र कोणत्याही परिस्थितीत सूट नाही.

पर्यवेक्षण

उपचारकाने आपल्या कामाची चर्चा अधिक अनुभवी व्यावसायिकाशी नियमितपणे करणे म्हणजे पर्यवेक्षण. परदेशी अभ्यासक्रमांत पर्यवेक्षित तास ही पात्रतेची अट असते. येथे ती ऐच्छिक राहिली आहे आणि खर्चिकही. तरीही अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा 'पर्यवेक्षण कोणाकडे आणि किती वेळा' या प्रश्नाच्या उत्तरातून उपचारकाची पातळी अधिक नेमकी कळते. पर्यवेक्षकाला चित्र दाखवताना नाव व ओळख काढून टाकणे आवश्यक.

नोंदी आणि समाप्ती

डॉक्टरांसाठी २००२ च्या आचारनियमांत दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपण्याचे बंधन आहे. कलोपचारातील चित्रांसाठी तशी मुदत कोठेही ठरलेली नाही. त्यामुळे ती करारात लिहावी लागते. साठ चौरस फुटांच्या खोलीत दोनशे सेवार्थींची मातीकामे वर्षानुवर्षे ठेवणे अशक्यच. उपचार संपताना शेवटच्या एक-दोन सत्रांत सर्व चित्रे एकत्र पाहणे, काय घरी न्यायचे, काय ठेवायचे आणि काय नष्ट करायचे हे सेवार्थीने ठरवणे, आणि त्या निर्णयाची नोंद करणे, हा उपचाराचाच भाग आहे. सेवार्थी मध्येच यायचा थांबला तरी चित्रे परस्पर रद्दीत जाऊ नयेत.

तक्रारीचे मार्ग

आस्थापनेतील सेवेबाबत तेथील प्रमुख, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ आणि राज्य प्राधिकरण यांच्याकडे दाद मागता येते. खासगी स्टुडिओच्या बाबतीत हा मार्ग बंद असतो. व्यावसायिक संघटना ऐच्छिक असल्याने ती फार तर सदस्यत्व रद्द करू शकते, व्यवसाय थांबवू शकत नाही. उरतो तो ग्राहक कायदा. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या शांता प्रकरणात ठरवले. खोट्या पात्रतेच्या जाहिरातीवर, सेवेतील त्रुटीवर किंवा आगाऊ घेतलेल्या फीच्या परताव्यासाठी मुंबई उपनगर जिल्ह्याच्या वांद्रे पूर्व येथील ग्राहक आयोगात तक्रार करता येते. सर्वांना पूर्णतः विनामूल्य दिलेली सेवा या कक्षेबाहेर राहते, म्हणजे धर्मादाय उपक्रमातील सेवार्थीच येथे सर्वांत असुरक्षित असतो. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षे. आयोगापुढे टिकतो तो कागद : पात्रता, फी, सत्र रद्द करण्याचे नियम, चित्रांची मालकी, गोपनीयतेचे अपवाद आणि पर्यवेक्षकाचे नाव असलेले, सेवार्थीच्या भाषेतील दोन पानी करारपत्र. वैधानिक नोंदवही उघडेपर्यंत असा करार न देणाऱ्या व्यक्तीला कलोपचारक मानू नये.